पॅकेजमधले जेवण

पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर गेलेल्या पाहुण्याला जेवणाचे वेगळे पैसे सहसा मोजावे लागत नाहीत. प्रवेशाच्या पॅकेजमध्येच बुफे येतो, बहुतेकदा मद्यही. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून, बेळगाव-हुबळीहून येणाऱ्यांना हा फायद्याचा सौदा वाटतो. पैसे भरलेच आहेत, तर वसूल का करू नयेत?

कल्पना जुनी आहे. लास वेगासमधील ‘एल रांचो वेगास’ या हॉटेलने १९४०च्या दशकात एका डॉलरमध्ये हवे तेवढे जेवण देऊ केले. रात्री उशिरा भूक लागली म्हणून खेळणारा उठून बाहेर जाऊ नये, एवढाच हेतू. जेवणातला तोटा जुगाराच्या टेबलावर भरून निघे. आता तिथले बुफे स्वस्त राहिलेले नाहीत, करोनाकाळात त्यांतले अनेक कायमचे बंदही झाले. गोव्यात मात्र हे गणित तेजीत आहे.

बुफेत माणूस जास्त का खातो, याला केवळ हावरटपणा म्हणणे अशास्त्रीय ठरेल. एकच पदार्थ खात राहिले की त्या पदार्थाचा कंटाळा येतो, पण दुसऱ्या चवीची इच्छा शाबूत राहते. पोट भरल्यावरही गुलाबजामला जागा होते ती यामुळेच. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या प्रयोगात, एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच पुढे ठेवली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. तिथे प्रकार चार होते. बुफेत चाळीस असतात.

यावर ‘छोटी ताटली घ्या’ हा सल्ला नेहमी दिला जातो. तो ज्यांच्यामुळे जगभर पोहोचला, त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॅनसिंक यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले; ‘जामा’ समूहाने तर २०१८ मध्ये एकदम सहा. ताटलीच्या आकाराने फारसा फरक पडत नाही, असे नंतरच्या काही प्रयोगांत दिसले. (आरोग्याच्या पुरवण्यांमधून मात्र ताटली अजून हललेली नाही.)

गोव्याच्या बाबतीत प्रश्न वजनापुरता नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. बाहेरून येणाऱ्या पन्नाशीच्या पाहुण्यांतही मधुमेही कमी नसणार. त्यातच हे जेवण बहुधा रात्री उशिरा होते, आणि तेच अन्न सकाळपेक्षा रात्री खाल्ले तर रक्तातील साखर अधिक चढते.

खरा धोका मद्याचा आहे. यकृत मद्य पचवण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर जेवणानंतर आधी वाढते आणि काही तासांनी, पहाटेच्या सुमारास, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे. अशा ठिकाणी ती पाहून सोबतचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’ त्या झोपेत माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो. अशा वेळी शुद्धीवर असेपर्यंत साखरपाणी पाजायचे आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात हलवायचे, हे जहाजावरच्या प्रत्येक वेटरला माहीत असले पाहिजे.

दुसरी बाब तासन्‌तास मांडून ठेवलेल्या अन्नाची. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा नियम आहे. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून भाताखालची आच मंदावलेली दिसली तर तो भात टाळलेला बरा.

अमेरिकेत २०१८ पासून वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना बुफेतील पदार्थांपुढेही उष्मांक लिहावे लागतात. कॅसिनोंकडून परवान्यापोटी सरकार दरवर्षी कोट्यवधी रुपये घेते. त्याच परवान्याच्या अटींत प्रत्येक भांड्यापुढे उष्मांक आणि कर्बोदकांची पाटी, अन्नाच्या तापमानाची नोंदवही, आणि साखर उतरलेल्या माणसाला ओळखण्याचे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, एवढे घालता येईल. भाज्या, डाळी आणि मासे रांगेत आधी आणि पुलाव-नान शेवटी मांडायला तर अटीचीही गरज नाही. आधी भाजी व प्रथिने आणि मग भात-पोळी अशा क्रमाने खाल्ले तर साखर कमी उसळते, हे मधुमेहींवरील छोट्या प्रयोगांत दिसले आहे. आणि भांडी मांडण्याचा क्रम हॉटेलच्याच हातात असतो.