रंगाचा हात सर्वांत शेवटी

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये माझी एक मावशी राहते. लग्न होऊन बेळगावहून ती तिकडे गेली, त्याला आता पस्तीस वर्षे झाली. एका एप्रिलमध्ये भर दुपारी तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजमागच्या प्लगने पेट घेतला. मावशी शेजारी गेली होती, काका पुढच्या खोलीत झोपले होते. धुराच्या वासाने त्यांना जाग आली म्हणून बरे! जीव वाचले, पण स्वयंपाकघर जळाले आणि लगतची खोली काजळीने काळीठिक्कर पडली.

तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ओळखीने एक ठेकेदार आला. तो दारातच उभा राहिला, वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाला, “अम्मा, काळजी करू नका. दहा दिवसांत नवं करून देतो.” एका चिठ्ठीवर त्याने एकच आकडा लिहिला. घरात नातीचे बारसे तोंडावर आले होते. मावशीने होकार दिला आणि निम्मी रक्कम तिथल्या तिथे मोजली.

दहा दिवसांनी स्वयंपाकघर पांढरेशुभ्र झाले. बारसे थाटात पार पडले. मात्र जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसे छतावर पिवळट-तपकिरी डाग उमटू लागले, आणि भिंतींना जळका वास येऊ लागला. मग एके सकाळी परातीएवढा गिलाव्याचा पोपडा ओट्यावर कोसळला. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी बाळाचे दूध तापत होते.

गल्लीतच एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते छोटी हातोडी घेऊन आले आणि छत टकटक ठोकत गेले. कुठे भरीव आवाज येई, कुठे रिकाम्या डब्यासारखा. खाली उतरून ते एवढेच म्हणाले, “तुम्ही घर रंगवलंत, तपासलं नाहीत.”

वाचकहो, आजच्या लेखाचा सारा मथितार्थ या एका वाक्यात आहे. आग लागू नये म्हणून काय करावे, हे आपण पुष्कळदा वाचतो. पण आग विझल्यावर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवसांत मन थाऱ्यावर नसते. डोळ्यांसमोरचा काळा रंग कधी एकदा जातो असे होऊन जाते, आणि नेमकी तिथेच चूक होते.

पहिले दोन दिवस

अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका. वीज आणि गॅस बंदच ठेवा. एकही बटण दाबून पाहू नका, कारण वायरचे आवरण वितळलेले असले तरी भिंतीच्या आत ते दिसत नाही. वीजजोडणी पुन्हा सुरू करण्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सारे वायरिंग तपासून घ्या. बंगळूरमध्ये त्यानंतरच बेसकॉमच्या, म्हणजे तिथल्या वीज कंपनीच्या, कार्यालयात जावे.

दुसरे काम कागदपत्रांचे. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्या. पोलिसांकडे नोंद करा. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा आणि जळालेल्या वस्तूंची यादी करा. घर विमा उतरवलेले असेल तर कंपनीला लगेच कळवा, आणि तिचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत जळके सामान फेकू नका. आपल्या बायकांना पसारा आवरल्याशिवाय चैन पडत नाही. पण इथे तो पसारा हाच पुरावा असतो.

गृहकर्ज घेतलेल्या पुष्कळ घरांचा विमा बँकेने उतरवलेला असतो आणि घरच्यांना त्याची गंधवार्ताही नसते. तेव्हा कर्जाची फाइल काढून पाहा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली आहे. तीत घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळते. राडारोडा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मागता येते. म्हणजे तपासणीची फी वाचवायची गरजच नाही! आग गॅस सिलिंडरमुळे लागली असेल तर वितरकालाही लेखी कळवा. तेल कंपन्यांनी उतरवलेल्या विम्यात नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाख रुपयांपर्यंत तरतूद असते.

ठोकून पाहावे, पारखून घ्यावे

आगीने काँक्रीटचे काय होते? साधारण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे त्याची ताकद कमी होऊ लागते. पुष्कळदा त्याला गुलाबी झाक येते. गिलावा काढल्यावर अशी झाक दिसली तर तिथे उष्णता खोलवर गेली असे समजावे. तापलेल्या छतावर पाण्याचा फवारा पडला की ते एकदम आकसते आणि त्याला भेगा जातात. आतल्या सळया तापून लांबतात, वाकतात आणि भोवतालच्या काँक्रीटला सोडून देतात. हे सारे गिलाव्याआड घडते. वरून रंग दिला की दिसायचे तेही बंद होते.

म्हणून स्लॅब, तुळई किंवा खांब तापले असतील तर ठेकेदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हातोडीची पारख झाली की गरजेनुसार तो रिबाउंड हॅमर किंवा अल्ट्रासॉनिक चाचणी सांगेल. शंका फार असेल तर काँक्रीटचा गोल तुकडा कापून तो प्रयोगशाळेत दाबून पाहतात. त्याचा लेखी अहवाल हातात आला की कुठे नुसता गिलावा पुरेल आणि कुठे सळया साफ करून नवे काँक्रीट भरावे लागेल हे कळते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तुमचे छत ही वरच्या घराची जमीन आहे. खांब आणि स्लॅब साऱ्या इमारतीचे असतात, तेव्हा संस्थेला कळवल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती १८९८ च्या प्लेगनंतर वसल्या. तिथे अजूनही काही घरांना मंगळुरी कौले, लाकडी वासे आणि तांबड्या ऑक्साइडच्या जमिनी आहेत. अशा घराला आग लागली की ‘सगळे पाडून नवे बांधा’ असा सल्ला चटकन दिला जातो. पण जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा झाली तरी आतून पुष्कळदा शाबूत असते, कारण वरचा कोळशाचा थरच आतल्या लाकडाला आगीपासून राखतो. कोळसा तासून उरलेल्या लाकडाची जाडी मोजावी आणि मगच निर्णय घ्यावा. दगडी ओट्याचे मात्र उलट आहे. ग्रॅनाइट तापून तडकतो, आणि बारीक तडा गेलेला दगड जड पातेले ठेवल्यावर दगा देतो.

काजळीचा हिशेब

काजळी म्हणजे नुसती धूळ नव्हे. वायरचे आवरण आणि प्लास्टिकचे पाइप पीव्हीसीचे असतात. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि दमट हवेत त्याचे आम्ल बनते. म्हणून आगीपासून लांब असलेला टीव्ही किंवा मिक्सरही महिन्याभराने बिघडतो, नळांवर गंज चढतो.

घाईने ओले फडके मारू नका. तेलकट काजळी भिंतीत आणखी मुरते. आधी तोंडाला चांगला मास्क आणि हातमोजे घालून ती कोरडीच काढावी, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. भिंत पूर्ण वाळली की डाग अडवणारा तेलावर किंवा लाखेवर आधारित प्रायमर द्यावा आणि त्यानंतरच रंग. मावशीच्या ठेकेदाराने काजळीवर थेट पाण्याचा रंग फासला होता. पहिल्या पावसातच त्याचे बिंग फुटले. छपराला जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर त्यांचे फुटके तुकडे स्वतः झाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते.

ठेकेदार निवडताना

दारात उभे राहून किंमत सांगणारा माणूस टाळावा, हा पहिला नियम. चांगला ठेकेदार आधी प्रश्न विचारतो. आग किती वेळ चालली, पाणी कुठे साचले, इंजिनिअरचा अहवाल आहे का? तो शिडी मागतो, ठोकून पाहतो, टेपने मापे घेतो. किमान तिघांकडून अंदाजपत्रके घ्या, आणि तिघांना कामांची एकच यादी द्या. नाहीतर एकाच्या आकड्यात वायरिंग असते, दुसऱ्याच्यात नसते, आणि आपण स्वस्त म्हणून दुसऱ्याला निवडतो.

अंदाजपत्रक कलमवार हवे. जळका गिलावा काढणे किती चौरस फूट, नवा किती, वायर कोणत्या कंपनीची, विजेचे पॉइंट किती, राडारोडा कोण आणि कुठे टाकणार, हे सारे लिहून घ्यावे. ‘संपूर्ण काम मिळून इतके’ अशी चिठ्ठी भांडणाचे मूळ ठरते. त्याने पूर्वी केलेले आगीनंतरचे एखादे काम प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि त्या घरच्या बाईंना विचारा, “एक पावसाळा गेला का? डाग परत आले का?” त्या एका उत्तरात सारे कळेल.

पैशांच्या बाबतीत संकोच नको. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी. पुढचे हप्ते ‘गिलावा झाल्यावर’, ‘वायरिंग तपासल्यावर’ असे कामाशी बांधावेत, तारखेशी नव्हे. शेवटचा दहाएक टक्के हिस्सा पाऊस पाहून देण्याचे आधीच लिहून घ्यावे. पावती आणि जीएसटीचे बिल मागा; विम्याच्या दाव्याला आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आलीच तर त्यालाही तीच कामी येते. बंगळूरमध्ये कामावर खरी हुकमत मेस्त्रीची, म्हणजे मुकादमाची असते. करार ठेकेदाराशी असला तरी रोज कामावर कोण उभे राहणार, हे विचारून त्या माणसालाही भेटून घ्यावे.

तीच चूक पुन्हा नको

जळालेले घर ‘होते तसे’ करून द्या, असे आपण सहज म्हणून जातो. पण होते तसेच केले तर ज्या उणिवेपायी घर जळाले किंवा वाट अडली, तीही पुन्हा जशीच्या तशी बांधली जाते.

२१ सप्टेंबर २०२१ रोजी बंगळूरच्या देवरचिक्कनहळ्ळी भागातल्या आश्रित अस्पायर या इमारतीत एका फ्लॅटला आग लागली आणि मायलेकींचा मृत्यू झाला. बाल्कनीला लोखंडी जाळी होती. चोरापासून राखण म्हणून बसवलेल्या जाळीतून बाहेर पडायला वाट नव्हती. त्याआधी २३ फेब्रुवारी २०१० रोजी याच शहरातल्या कार्लटन टॉवर्स या व्यापारी इमारतीत विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून धूर मजल्यामजल्यावर पसरला आणि ९ जणांचे प्राण गेले.

म्हणून दुरुस्तीच्या यादीतच या गोष्टी घाला. प्रत्येक जाळीला आतून विनाकुलूप उघडणारी एक खिडकी. आगीत कमी धूर सोडणाऱ्या वायर. गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी. फ्रिज, गीझर आणि एसीला स्वतंत्र, योग्य जाडीच्या तारा. भिंतीतून वायर जातात त्या भोकांभोवती आगरोधक भरण. भिंती उघड्या असताना हे काम थोड्या जास्तीच्या खर्चात होते. रंग लागल्यावर याच कामासाठी पुन्हा भिंती फोडाव्या लागतात.

मावशीचे स्वयंपाकघर दुसऱ्यांदा झाले तेव्हा दहा दिवसांचे काम सात आठवडे चालले. छताचा निम्मा गिलावा काढून गंजलेल्या दोन सळयांना जोड द्यावे लागले, आणि पहिल्या ठेकेदाराला दिलेले सारे पैसे पाण्यात गेले. या वेळी मावशी रोज शिडीखाली उभी असायची, मेस्त्रीला कॉफी द्यायची आणि न चुकता विचारायची, “इथे ठोकलंत का?”

गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा छत कोरडे होते. ओट्याशेजारच्या जाळीत दीड फुटांची झडप होती आणि नात ती उघडझाप करत खेळत होती. मी मावशीला म्हटले, “अगं, बिजागरी मोडेल ना!” मावशी हसली. “उघडू दे. तिला ती उघडता यायलाच हवी.”