नंतरचें सुख

टोकियो शहराच्या ऐन वस्तींत कोइशिकावा कोराकुएन नांवाचें एक जुनें उद्यान आहे. मितो संस्थानचा अधिपति तोकुगावा योरिफुसा यानें १६२९ सालीं त्याचा आरंभ केला व त्याचा पुत्र मित्सुकुनी यानें तें पूर्ण केलें. विस्तार सुमारें १७ एकर. मधल्या तळ्याच्या कांठीं उभे राहून आम्ही चोहोंकडे पाहूं लागलों, तों वृक्षांच्या शेंड्यांवरून एक अवाढव्य पांढरें छत डोकावतांना दिसलें. १९८८ सालीं उघडलेल्या बेसबॉलच्या क्रीडागृहाचें तें छत!

पण आमच्या मनांत घर केलें तें या उद्यानाच्या नांवानें. चीनमधील सुंग काळांतील मुत्सद्दी फान झोंगयान याच्या मतें राज्यकर्त्यानें चिंता जगाच्या आधीं करावी आणि सुख जगाच्या नंतर भोगावें. मिंग राज्य लयास गेल्यावर जपानांत आश्रयास आलेला चिनी पंडित झू शुनशुई याच्या सल्ल्यानें मित्सुकुनीनें हें नांव योजिलें. कोराकुएन म्हणजे नंतरच्या सुखाचें उद्यान.

तळें ओलांडून पुढें गेल्यावर एक लहानसें भातखाचर लागतें. राजेलोकांच्या बागेंत खाचर कशाला, असें वाचकांस वाटेल. मित्सुकुनीच्या वारसाची पत्नी क्योटोच्या कुलीन घराण्यांतली. शेतकऱ्याचे कष्ट तिला कळावेत म्हणून सासऱ्यानें तें मुद्दाम करविलें. आजहि त्या भागांतील शाळेचीं मुलें तेथें भाताची लावणी व कापणी करितात.

सासऱ्याची दृष्टि थोर खरी. तथापि हा धडा सुनेलाच कां, असा प्रश्न आमच्या सोबतच्या वहिनींनीं विचारला, व आम्हांस चटकन् उत्तर सुचेना. आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या सर्वांच्या आधीं उठून चूल पेटविली ती सुनांनीं, आणि साऱ्या पंगती उठल्यावर उरलेल्यावर भागविलें तेंहि त्यांनींच. फानचें तत्त्व त्यांनीं न वाचतां पाळिलें. त्यावर व्याख्यानें देणारे आम्ही मात्र पहिल्या पंगतीला!

ओकायामा येथेंहि कोराकुएन नांवाचें उद्यान असून त्याच्या धर्तीवर पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभें आहे. पुणेकर मंडळींनीं एखाद्या रविवारीं तें सहकुटुंब अवश्य पाहावें. आणि घरीं परतल्यावर पहिली पंगत बायकांची बसवून पुरुषांनीं वाढावें. नंतरच्या सुखाची गोडी मग त्यांसहि कळेल.