घरचें टपाल आणि त्याची किल्ली

एकत्र कुटुंब आतां एका वाड्यांत मावत नाहीं. त्याचें सुखदुःखाचें बोलणें मोबाइलवरच चालतें. तें परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून न जातां घरच्याच संगणकावरून जावें, अशी इच्छा कित्येक तरुण बोलून दाखवितात. ती आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु तिजबरोबर येणारा भार वाचकांनीं आधींच ओळखावा.

साधन जुनेंच आहे. जेरेमी मिलर यांनीं १९९९ सालीं जॅबर ही संदेशपद्धति लोकांपुढें मांडली. २००४ सालीं तिला एक्सएमपीपी या नांवानें इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळालें. तिच्या पत्त्यांत आधीं माणसाचें नांव येतें, मग घराचें. आणि एका घरचा सर्व्हर दुसऱ्या घरच्या सर्व्हरशीं बोलूं शकतो. एखाद्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स घालून त्यांत प्रॉसडी हा विनामूल्य प्रोग्रॅम बसवावा. घराच्या पत्त्यासाठीं डोमेन दरसाल पैसे भरून घ्यावें. सुरक्षिततेचें प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतें. ५२२२ क्रमांकाचें द्वार घरच्या मंडळींसाठीं व ५२६९ इतर सर्व्हरांसाठीं उघडें ठेवावें. परक्यास आपण होऊन खातें काढतां येऊं नये.

खरा प्रश्न यापुढें आहे. वाटेंत संदेश कुलूपबंद असतो. सर्व्हरवर पोंचतांच तें कुलूप उघडतें. मग लेकीनें आईस कळविलेलें दुखणें, सुनेनें नवऱ्यास लिहिलेला खाजगी शब्द, हें सारें चालकास वाचतां येईल. कंपनीचा नोकर आपणांस ओळखीत नाहीं. घरचा चालक ओळखतो, म्हणूनच ही गोष्ट अधिक नाजूक. व्हॉट्सॲपनें २०१६ सालींच मजकूर लिहिणारा व वाचणारा या दोघांनाच उलगडेल अशी सोय सर्वांस दिली. घरच्या सर्व्हरवर तेंच काम ओमेमो करतें. तें प्रत्येक मोबाइलवर चालू न केल्यास घरांत पूर्वींपेक्षां कमीच एकांत उरेल. तें केलें तरीही कोण कोणाशीं केव्हां बोललें, हें चालकास कळूं शकतें. तेथें संयम हाच उपाय.

शिवाय चालक एकटा नसावा. संकेतशब्द दोघांस ठाऊक असावा, नोंदींची प्रत दुसऱ्या जागीं असावी, प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घालाव्या. नाहींतर मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं गेला, कीं एखाद्या बिघाडासरशीं घराचें बोलणें बंद पडावयाचें.

दुसऱ्याचें पत्र फोडूं नये, ही शिस्त ज्या घरांत आहे, त्या घरानें सर्व्हर खुशाल मांडावा. जेथें ती नाहीं, तेथें आधीं ती लावावी. प्रॉसडी बसविण्यास एखादी दुपार पुरते.