माल नॉर्वेला, पण पुस्तिका कोणाच्या हातची?

भारत आणि ‘एफ्टा’ या चार युरोपीय देशांच्या गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. नॉर्वे याच गटात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची नजर आता तिकडे वळली तर नवल नाही. दर, पॅकिंग, बँकेची कागदपत्रे यांचा हिशेब सगळेच करतात. मालासोबतच्या पुस्तिकेची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते आणि जो स्वस्तात नॉर्वेजियन करून देईल त्याला काम दिले जाते. हा व्यवहार धोक्याचा आहे.

नॉर्वेची लोकसंख्या अवघी ५५ लाखांच्या आसपास. तेथे अनुवादक थोडे आणि त्यांत गाडीचे काम जाणणारे आणखी थोडे. म्हणून डॅनिश जाणणाऱ्याकडून काम उरकून घेण्याचा मोह होतो. या भाषा बहिणी खऱ्या; पण हिंदी येते म्हणून कोणी उर्दू दस्तऐवज लिहू शकत नाही. बंपरला डॅनिशमध्ये ‘कोफँगर’ म्हणतात, नॉर्वेजियनमध्ये ‘स्टोटफँगर’. आकड्यांतही फसगत होते. इंग्रजीतले १,५०० किलो म्हणजे दीड हजार. नॉर्वेत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह, त्यामुळे तेथे ते दीड किलो ठरते.

तेव्हा मातृभाषा नॉर्वेजियन असलेलाच माणूस शोधावा. तेथे बुकमोल व नीनॉर्स्क अशा दोन लेखनपद्धती आहेत. बहुसंख्य लोक बुकमोल वापरतात, तीच ठरवून सांगावी. सरकारमान्य अनुवादकाचा शिक्का कायदेशीर कागदांना उपयोगी, पण त्याला ब्रेक कळतो याचा तो पुरावा नव्हे. ब्रेकसंबंधीचे एक पान मोबदला देऊन आधी करून घ्यावे आणि तेथील एखाद्या मेकॅनिकला दाखवावे. २०२४ मध्ये नॉर्वेत विकलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरच्या होत्या. तेव्हा बॅटरीची परिभाषाही त्याला यावी. भागांची चित्रे आपण पुरवावीत. अनुवाद दुसऱ्या जाणकाराने तपासावा, असे आयएसओ १७१०० हे मानकही सांगते. यंत्राने केलेल्या अनुवादालाही हाच नियम लावावा.

याने खर्च वाढेल, हे मान्य. पण मापात खोट नको, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ब्रेकची चुकीची सूचना ही मापातली खोटच. आणि तिची किंमत गाडीत बसलेला माणूस मोजतो.