खिडकी हवी, पण आतल्या अंगणात

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये अयोध्या मंडपमजवळ एका सीएचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. यंत्रांतल्या कच्च्या जागा हुडकणारं ओपनव्हास मी तिथे बसवलं आणि त्याचा अहवाल ब्राउझरमध्ये दिसावा म्हणून वेब सर्व्हर उभा केला. तेव्हा माझ्याच धंद्यातल्या मित्रांनी हरकत घेतली: सुरक्षेच्या सॉफ्टवेअरला ब्राउझरचं दार ठेवलं की चोराला वाट मिळाली, टर्मिनल पुरे आहे.

ही हरकत पोकळ नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सिस्कोच्या राउटर-स्विचवर चालणाऱ्या आयओएस एक्सई प्रणालीच्या वेब पडद्यातली त्रुटी उघड झाली. परक्या माणसाला पासवर्डाविना सर्वाधिकारी खातं तयार करता येत होतं. तीव्रता 10 पैकी 10. शिवाय ओपनव्हासचा अहवाल म्हणजे घरातल्या मोडक्या कड्यांची यादीच. ती बाहेर गेली तर चोराचे निम्मे कष्ट वाचतात.

पण यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. इंटरनेटला थेट सामोऱ्या असलेल्या यंत्रांवरचा वेब सर्व्हर बंद करा, असा सिस्कोचा तेव्हाचा सल्ला होता. त्रुटी पडद्यात होती हे खरं. पण तिने घात केला तो पडदा भर रस्त्यावर उघडा होता म्हणून.

आणि टर्मिनल पुरे, ते कोणाला? मला. अहवाल वाचायचा असतो ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना. टर्मिनलच्या दिवसांत तो फाइलमध्ये तसाच पडून राहायचा. ब्राउझरमध्ये यादी उघडली त्या दिवशी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: "सार, कोपऱ्यातला प्रिंटर लाल का?" त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून हजारो कॅमेरे ताब्यात घेतले होते. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. अहवाल कोणी वाचतच नसेल, तर घटना लक्षात येणार कशी?

म्हणून खिडकी हवीच, फक्त ती आतल्या अंगणात उघडावी. आमचं ओपनव्हास 127.0.0.1 वरच ऐकतं, म्हणजे त्या यंत्रापुरतंच. त्याच्यापुढे मध्यस्थ सर्व्हर म्हणून एनजिनएक्स, आणि संवाद टीएलएसने कूटबद्ध. प्रवेश फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधल्या पत्त्यांना. प्रत्येकाचं खातं वेगळं, बाईंना फक्त पाहण्याचा अधिकार. या पडद्यासाठी राउटरवर एकही पोर्ट उघडलेलं नाही. पावसात दुरैस्वामी सबवेत पाणी भरलं आणि टी. नगरातून पलीकडे जाणं अडलं, की मी वायरगार्ड या व्हीपीएनमधून आत शिरतो. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

प्रिंटरचा पासवर्ड त्याच दुपारी बदलला. आता दर सोमवारी बाई आधी ती यादी उघडतात, मग टॅली.