सोमवारचे पाचारण

“फादर, धर्म धर्माच्या जागी आणि व्यवहार व्यवहाराच्या जागी.” हे वाक्य आम्ही आमच्या धर्मगुरुपदाच्या काळात इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकवणाऱ्याचा चेहरा पाहूनच ते ओठांवर येणार हे आम्हांला कळते. ते बोलणारी माणसे नास्तिक नसतात. रविवारच्या पहिल्या मिस्साला ती वेळेवर हजर असतात. सणाच्या मिरवणुकीत संतांच्या मूर्तीला खांदा देण्याचा त्यांचा मान ठरलेला असतो. नोव्हेनाचा एक दिवस त्यांच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो. अशा भाविकांच्या तोंडी हे वाक्य आहे, म्हणूनच ते अधिक घातक आहे. ते खोटे आहे, ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळावर येणारे आहे, आणि ह्या लेखात ते तसे स्पष्टपणे म्हणण्याचा आमचा विचार आहे.

‘पाचारण’ हा शब्द घ्या. तो कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर सेमिनरीत जाणारा मुलगा किंवा मठात प्रवेश करणारी मुलगी उभी राहते. पुनरुत्थान काळातील चौथ्या रविवारी, १९६४ सालापासून जगभर, पाचारणासाठी विशेष प्रार्थना केली जाते. आपल्या चर्चमध्येही आपण ती मोठ्या भक्तिभावाने करतो. आणि मनोमन असेही म्हणतो की, प्रभो, पाचारण दे, पण शेजारच्या घरी दे. ह्यात मोठा गैरसमज दडलेला आहे. पाचारण हे काही थोड्यांच्या वाट्याला येणारे वेगळे देणे नव्हे. आपल्या प्रत्येकाला ते स्नानसंस्काराच्या कुंडापाशी मिळाले. त्या दिवशी आपल्या मस्तकाला पवित्र तेलाचा अभ्यंग झाला आणि ख्रिस्ताच्या याजकपदात, संदेष्टेपदात व राजपदात आपल्याला सहभागी करून घेण्यात आले. शुभ्र वस्त्र दिले गेले. पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत आईवडिलांच्या हाती सोपवली गेली. त्या प्रसंगाची छायाचित्रे आपण जपून ठेवली आहेत. ज्योतीचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

संत पौलाने इफिसकरांना लिहिलेले पत्र ह्या दृष्टीने पुन्हा एकदा शांतपणे वाचावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. चौथ्या अध्यायाच्या आरंभी, तुरुंगात असलेला हा प्रेषित आपल्या वाचकांना त्यांच्या पाचारणाला शोभेल असे वागण्याची कळकळीने विनवणी करतो. मग तो पुढे काय सांगतो? प्रथम नम्रता, सौम्यता आणि ऐक्य. त्यानंतर तो थेट घरात आणि बाजारात शिरतो. खोटे बोलू नका. राग मावळतीपलीकडे नेऊ नका. चोरी करणाऱ्याने ती सोडून हातांनी कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला देण्यासाठी त्याच्याजवळ काही असेल. तोंडातून घाण शब्द निघू नये. मद्याने धुंद होऊ नका. पतीने पत्नीवर प्रेम करावे, बापाने मुलांना चिडीस आणू नये. आणि धन्याने चाकरांना धमकावू नये, कारण दोघांचाही धनी स्वर्गात आहे व त्याच्याजवळ पक्षपात नाही. पौलाने स्तोत्रे गाण्याविषयी व प्रार्थनेविषयी लिहिले नाही असे नाही; पण पाचारणाची कसोटी त्याने जिथे लावली ती जागा चूल, ओटी, दुकान आणि शेत ही आहे. म्हणजे जो ‘व्यवहार’ आपण धर्माबाहेर काढून ठेवतो, नेमका तोच त्याने पाचारणाच्या मध्यभागी ठेवला.

हे आमच्या पदरचे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे हे निःसंदिग्धपणे सांगितले. पुढच्याच वर्षी, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी बोलताना, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन ह्यांत पडलेली फूट ही आपल्या युगाच्या गंभीर प्रमादांत तिने गणली. त्यालाही आता साठ वर्षे होऊन गेली. परिषदेनंतर आपण वेदीचे तोंड लोकांकडे फिरवले, मिस्सा मराठीतून म्हणू लागलो; परंतु ही फूट होती तिथेच राहिली.

आपल्या वसईच्या मातीतून संतपदाला पोहोचलेले गोन्सालो गार्सिया ह्यांचेच उदाहरण पाहा. त्यांचा सण आपण किती थाटाने साजरा करतो! पण ते धर्मगुरू नव्हते, हे किती जणांच्या ध्यानात असते? पूर्वेकडील देशांत त्यांनी व्यापार केला, पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले, जपानमध्ये दुभाष्याचे काम केले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण दिले. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. भारतात जन्मलेले हे पहिले संत व्यापाराची पेढी आणि परक्या भाषेतले शब्द हाताळून मग वेदीवर आले. त्यांच्या मूर्तीला हार घालायचा आणि आपल्या दुकानातला तराजू मात्र धर्माबाहेर ठेवायचा, हा त्यांचा गौरव नव्हे.

आता एक प्रसंग सांगणे आम्हांला भाग आहे. तो सांगताना आम्हांला अभिमान वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो तिथल्या चर्चचे छप्पर दुरुस्तीस आले होते. एका सद्गृहस्थांनी मोठी रक्कम दिली. आम्ही रविवारच्या मिस्साच्या अखेरीस वेदीजवळून त्यांचे नाव घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात पाड्यावरची एक वारली बाई कडेवर मूल घेऊन धर्मगुरुनिवासाच्या पायरीशी येऊन बसली. वाडीत केलेल्या कामाची तीन आठवड्यांची मजुरी तिला मिळाली नव्हती. “तुमच्या देवळातले शेठ आहेत, तुम्ही सांगा त्यांना,” एवढेच तिचे म्हणणे. ते शेठ म्हणजे आमचे छपराचे दाते.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बाईच्या नवऱ्याने आधी उचल घेतली होती, ती फिटायची आहे, मजुरांचे हिशेब असेच असतात, असे त्यांनी समजावले. आणि मग ते वाक्य आले: “फादर, धर्म धर्माच्या जागी…” आम्ही चहा प्यायलो आणि परत आलो. छपराचे काम अर्धे झाले होते, हे आमच्या मनात नव्हते असे आम्ही देवासमोर म्हणू शकत नाही. घरी येऊन आम्ही आमच्या जवळचे काही पैसे त्या बाईला दिले. तिने ते घेतले. उठताना ती एवढेच म्हणाली, “हे तुमचे पैसे झाले, फादर. माझे त्यांच्याकडेच राहिले.”

सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राची जी पुस्तके अभ्यासली त्यांतील दानधर्म आणि न्याय ह्यांतला फरक आम्हांला त्या पायरीवर पहिल्यांदा नीट कळला. तिने दान मागितलेच नव्हते.

अनुवादाच्या पुस्तकात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. ती अडवून ठेवलेली मजुरी शेतातून आक्रोश करते आणि कापणी करणाऱ्यांचे गाऱ्हाणे सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते, असे संत याकोब बजावतो. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात मजुरीच्या बाबतीतली लबाडी हे स्वर्गाकडे सूडाची हाक देणारे पाप म्हटले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले. इतके सगळे स्पष्ट असताना, बुडवलेल्या मजुरीतून उभारलेले छप्पर परमेश्वराला आवडते, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? वेदीपाशी आलेल्या माणसाला भावाचे गाऱ्हाणे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आम्ही मात्र अर्पण आधी पावतीपुस्तकात नोंदवून घेतो.

मजुरी हे एक उदाहरण झाले. दुसरे जमिनीचे. जमीन विकणे हे स्वतः पाप नव्हे. शेतीत उरत काय, मुलांच्या शिक्षणाला लागते काय, हे आम्ही शेतकऱ्याच्याच घरात जन्मल्यामुळे जाणतो. पण विक्रीआधी बहिणीला घरी बोलावून, दोन घास जेवू घालून, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते आणि कागद काय आहे हे तिला धड सांगितलेही जात नाही, तेव्हा काय म्हणावे? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मुलगा आणि मुलगी ह्यांचा वाटा समान ठरवला आहे. कायदा तिला जे देतो ते भाऊ काढून घेतो, आणि पुढच्या रविवारी दोघे एकाच रांगेतून ख्रिस्तशरीर घ्यायला येतात. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. तो फसवून सोडवून घेतला तर ती चोरी आहे, मग कागदावर कितीही मुद्रांक लावा.

त्याच जमिनीतील बावखले पाहा. पूर्वजांनी खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी पोटात घेत आणि उन्हाळ्यात बागा जगवीत. त्यांतली कित्येक आपण रातोरात माती टाकून बुजवली. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा आपण सरकारला दोष दिला. सरकारचा दोष आहेच. पण पाण्याची जागा अडवताना त्या ट्रकांना वाट कोणी दिली, हेही कधीतरी कुमसाराच्या वेळी आठवावे.

लग्नकार्यांविषयी थोडक्यात. कर्ज काढून मांडव, मद्याची रेलचेल, रात्रभर कर्णे. आणि तत्पूर्वी तासाभराचा विवाहसंस्कार, तोही छायाचित्रकाराच्या सोयीने. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, एकाच पेल्याचे भागीदार असलेले आपण सोयरीक जुळवताना मात्र सामवेदी, वाडवळ, कोळी असा हिशेब मांडतो, आणि आदिवासी ख्रिस्ती बांधवाचे नाव तर त्या हिशेबात येतही नाही. एका स्नानसंस्काराविषयी पौलाने लिहिले ते ह्याच चौथ्या अध्यायात, हे कोणीतरी आपल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

ह्यावर काय उत्तरे येतात ती आम्हांला ठाऊक आहेत. “सगळेच असे करतात.” खरे आहे, पण सगळ्यांसारखेच वागायचे तर आपल्याला पाचारण तरी कशाला हवे होते? “इतक्या सरळ मार्गाने धंदा चालत नाही.” जख्खय जकातदारच होता. प्रभूने त्याच्या घरी तारण आल्याचे कधी जाहीर केले? अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा. “फादर, तुम्हांला संसार नाही, तुम्हांला काय कळणार?” हा आक्षेप आम्ही मान खाली घालून ऐकतो. संसाराचे ओझे आम्ही वाहिलेले नाही. म्हणूनच ते वाहून प्रामाणिक राहिलेल्या माणसांपुढे आम्ही नतमस्तक होतो. भाजीच्या पाट्या डोक्यावरून उतरवताना एक जुडी जास्त टाकणाऱ्या आया, उधारी बुडाली तरी कामगाराचा शनिवार न चुकवणारे छोटे कारखानदार, भावांनी नको म्हणताही बहिणीचा वाटा बाजूला काढणारा थोरला भाऊ, ही माणसे आपल्याच वाड्यांत आहेत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली शेजारघरच्या संतांविषयी लिहिले ते ह्यांच्याकडेच पाहून लिहिले असावे, असे आम्हांला वाटते. ह्यांच्या नावाने टाळ्या कधी वाजल्या नाहीत.

दोष एकट्या प्रापंचिकांचा नाही. देणगीदारांचे फलक लावले कोणी? आम्ही. व्यासपीठावर पहिल्या ओळीत कोणाला बसवावे हे ठरवले कोणी? आम्ही. प्रवचनात आम्ही व्यसने, मोबाईल आणि चर्चला न येणारी तरुण पिढी ह्यांवर वारंवार आवाज चढवला. मजुरी, हक्कसोडपत्र आणि बावखल हे शब्द क्वचितच उच्चारले, कारण ते ऐकणारे पहिल्या ओळीत बसलेले असतात. धर्म धर्माच्या जागी हे वाक्य तुम्ही बोललात. आम्ही ते न बोलता पाळले.

म्हणून आमची एकच सूचना आहे, आणि ती आम्हांलाही लागू आहे. येत्या सणाच्या नऊ दिवसांत, नोव्हेनाबरोबरच, प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या रोझरीनंतर घरातले हिशेब उघडावेत. कोणाची मजुरी राहिली आहे, कोणत्या बहिणीची सही अंधारात घेतली आहे, कोणाशी कोणत्या कारणाने अबोला आहे, हे पाहावे. जे देणे निघेल ते सणाआधी चुकते करावे. आणि त्यानंतर काही उरले तर चर्चच्या पेटीत टाकावे. पेटीत कमी जमले तरी चालेल. गळके छप्पर आम्ही आणखी एक पावसाळा सोसू.

त्या वारली बाईचे पैसे तिला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. आमची बदली झाली, ती पुन्हा भेटली नाही. ते छप्पर आजही शाबूत आहे. त्याखाली मिस्सा होते, आणि आमच्या नावाची कोनशिला तिथे भिंतीत आहे. तिथे जाण्याचा योग येतो तेव्हा ती वाचण्याचे आम्ही टाळतो.