देवापुढील गाणे आणि देवळाचा हिशेब

हल्ली अनेक देवळांत आरतीच्या वेळी एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. बटण दाबताच विजेवर चालणारे यंत्र नगारा, झांज आणि घंटा एकदम बडवू लागते. आरती म्हणावयास माणसे असोत वा नसोत, कर्णा ती म्हणून टाकतो. आणि वाजंत्र्याचे वेतन वाचले म्हणून विश्वस्त मंडळी समाधान मानितात. वेतन वाचले हे खरे. परंतु त्याबरोबर पूजाही वगळली गेली नाही काय, असा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांस, व विशेषेकरून त्यांतील देणगीदार व्यापारी गृहस्थांस, विचारू इच्छितो.

देवास जे अर्पावयाचे ते कोणीतरी श्रमाने आणिलेले असावे लागते. गंध उगाळावे लागते, फुले वेचावी लागतात. तसेच गाणेही कोणाच्या तरी कंठातून यावे लागते, मग ते थोडे बेसूर का असेना. वारकऱ्यांनी हे तत्त्व पुरतेपणी ओळखले होते. टाळ, वीणा आणि मृदंग एवढ्या साहित्यावर त्यांनी अशी पूजा उभी केली की तिला ना दक्षिणा लागे ना संस्कृत भाषा. हीच पूजा नामदेवांनी पंजाबापर्यंत नेली. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत आणि त्या ग्रंथाची मुख्य मांडणीच रागांनुसार आहे, हे आमच्यापैकी कितीकांस ठाऊक असते?

मात्र गाण्यास मान देणाऱ्या समाजाने गाणाऱ्यास तो दिला नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. चोखोबांचे अभंग भाविकांच्या मुखी शतकानुशतके होते. त्यांचे ज्ञातिबांधव मात्र पंढरीच्या पायरीपाशीच थांबविले जात, आणि ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींस 1947 च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. देवापुढे नृत्यगायनाची सेवा ज्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या केली, त्यांस समाजाने गृहिणीपदाचा अधिकार नाकारिला. देवदासी होण्याची प्रथा बेकायदेशीर ठरविणारा कायदा मुंबई इलाख्यात व्हावयास 1934 साल उजाडले. गोमंतकातील याच कलावंत समाजात मोगूबाई कुर्डीकर व केसरबाई केरकर जन्मल्या. आणि 1977 साली अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी गेली. जिचे कुळ आम्ही हीन लेखिले, तिचा सूर पृथ्वीच्या वतीने बोलावयास निवडला गेला!

विश्वस्त म्हणतात, सनईवाले आणि पखवाजी आता मिळतच नाहीत. व्यापाऱ्यांनी तरी ही सबब मान्य करू नये. ज्या मालास भाव नाही तो पेठेत येत नाही, हे त्यांस कोणी शिकवावयास नको. कर्ण्यांवर मात्र खर्च करण्यास पैसा निघतो. वास्तविक ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली स्वच्छ सांगितले आहे.

आमची सूचना साधी आहे. पाडव्यास नवी वही घालताना देणगीदारांनी आपली देणगी एका सनईवाल्याच्या व एका पखवाजियाच्या मासिक वेतनासाठी म्हणून लिहावी. नेमणूक वाजविणे ऐकून करावी, जात विचारून नव्हे; धर्मही विचारण्याचे कारण नाही, कारण काशीच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्लाखाँ साहेबांनी वर्षानुवर्षे सनईची साधना केली आणि त्याने त्या देवाचे काही उणे झाले नाही. कीर्तनाच्या गादीवर स्त्रियांस निःसंकोच बसू द्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ पेठेतील मुलांस भजन शिकविण्यास सभामंडप मोकळा ठेवावा. आणि यंत्राचे काय करावे असे कोणी विचारील, तर मोडीच्या बाजारात तांब्यास अद्यापि बरा भाव आहे.